'फक्त पूर्ण शब्द शोधा' वालं सर्च प्लगइन: चार महिने वापरलं, जे झालं ते सांगतो

आधीच सांगतो, प्लगइनचं (साइटला वरून जोडायच्या तयार सॉफ्टवेअरचं) नाव देणार नाहीये. एक तर त्यांचा सपोर्टवाला मुलगा मनापासून धडपडत होता, आणि दुसरं म्हणजे मी नंतर आणखी दोन-तीन ठिकाणचे डेमो बघितले तर तिथंही थोड्याफार फरकाने हेच, त्यामुळे एकट्याला धरून झोडपण्यात काही अर्थ नाही.

तर झालं असं की आमच्या साइटवर आरोग्यावरचे बरेच लेख आहेत, आणि एका वाचक काकूंनी सर्चमध्ये 'मान' टाकलं. मान धरली होती त्यांची, आणि मानेच्या व्यायामावर आपल्याकडे लेख आहे हे त्यांना आठवत होतं. त्यांना रिझल्ट काय आले तर विमान, सामान, तापमान, कमान, किमान, वर्तमान, आणि सगळ्यात वर 'अपमान कसा पचवावा'. काकूंनी मेल केला, एकाच ओळीचा, "मी मान शोधली, तुम्ही माझा अपमान दाखवला." ह्याला उत्तर काय देणार!

कारण माहीत होतं, फक्त इतके दिवस कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बहुतेक साइट्सचा मूळ सर्च डेटाबेसला एवढंच विचारतो की ही अक्षरं ह्या मजकुरात कुठंही सलग आहेत का, म्हणजे एसक्यूएलचं (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं) लाइक आणि दोन्हीकडून टक्क्याचं चिन्ह, म्हणजे 'इथं काहीही असू दे'. साइट बनवायच्या वर्डप्रेस ह्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा सर्चसुद्धा टायटल, एक्सर्प्ट (लेखाचा सारांश) आणि मजकुरावर असाच लाइक लावतो. त्याला शब्द बिब्द काही कळत नाही, 'कान' म्हटलं की 'दुकान' हजर, 'वन' म्हटलं की 'जीवन' आणि 'भवन' हजर, 'कला' म्हटलं तर 'शिकला', 'विकला', 'टाकला', सगळी क्रियापदं रांगेत उभी.

फुकटातला उपाय आधी करून बघितला, शब्दाच्या दोन्ही बाजूला स्पेस ठेवून शोधायचं. अर्धा तास खूश होतो. मग लक्षात आलं की 'मान,' मध्ये पुढे स्वल्पविराम आहे, 'मान.' मध्ये टिंब आहे, लेखाचा पहिलाच शब्द 'मान' असेल तर मागे स्पेसच नाही, आणि अवतरणचिन्हातली मान तर गेलीच. सोडून दिलं आणि हे प्लगइन घेतलं, एक वर्षाचं लायसन्स, कारण फीचर्सच्या यादीत ठळक अक्षरात लिहिलं होतं की पार्शल मॅच बंद, ओन्ली होल वर्ड्स, एका क्लिकवर.

चांगलं ते आधी. इन्स्टॉल सोपं, स्वतःचा इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या लेखात आहे ह्याची सूची) बनवतं, आणि सगळे लेख इंडेक्स व्हायला चहा प्यायला जाऊन येईपर्यंतचा वेळ लागला. स्पीड खरंच वाढला, लाइकमध्ये शब्दाच्या आधीच टक्का असला की डेटाबेसला स्वतःचा इंडेक्स वापरता येत नाही, प्रत्येक लेख वरपासून खालपर्यंत चाळावा लागतो, इथं ती कटकट संपली. लोक काय काय शोधतात आणि कशाला शून्य रिझल्ट येतात ह्याचा लॉग मिळतो, हे फीचर तर मी म्हणेन सगळ्यात भारी, त्याच्यावर पुढे येतो.

आता ते बटण. चालू केलं, 'मान' टाकलं, एंटर मारलं. शून्य रिझल्ट. अपमान गेला, विमान गेलं, मानही गेली.

'पाठ' टाकलं, शून्य. 'गुडघा', शून्य. इंग्रजी शब्द टाकला तर एकदम मस्त चालतंय, अगदी त्यांच्या डेमो व्हिडिओतल्यासारखं. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की सर कॅशे क्लिअर करा. केला. सर री-इंडेक्स करा. केलं. सर थीम बदलून बघा. सर्चसाठी थीम कशाला बदलू, पण तीही बदलली. शेवटी वैतागून मीच त्यांचा कोड उघडला, आणि जे वाटलं होतं तेच निघालं. इंडेक्समधून उमेदवार लेख काढल्यावर 'पूर्ण शब्द आहे का' हे तपासायला त्यांनी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची सांकेतिक भाषा) वापरलंय आणि त्यात शब्दाची हद्द म्हणून बॅकस्लॅश बी.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं खोलात जातो, कारण इथंच सगळी मेख आहे. बॅकस्लॅश बी म्हणजे जिथं 'शब्दातलं अक्षर' आणि 'शब्दाबाहेरचं काहीतरी' एकमेकांना चिकटून येतात ती जागा. आता शब्दातलं अक्षर कुणाला म्हणायचं, तर जुन्या साध्या व्याख्येत ए ते झेड, शून्य ते नऊ आणि अंडरस्कोर, संपली यादी. त्या हिशेबाने 'म' हे अक्षरच नाही, स्पेसही अक्षर नाही, मग दोघांच्या मध्ये हद्द येणार कुठून? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट ह्या भाषेत आजही हेच आहे, यू फ्लॅग ही जादा खूण लावली तरी बॅकस्लॅश बी देवनागरीला ओळख दाखवत नाही. गंमत म्हणजे ह्या नियमाने 'मान' सापडू शकते, पण कधी, तर ती दोन्ही बाजूंनी इंग्रजी अक्षरांना स्पेस न सोडता चिकटलेली असेल तेव्हा. म्हणजे मराठी शब्द पूर्ण कधी, तर दोन इंग्रजी अक्षरांनी त्याला कोंडीत पकडलं असेल तेव्हाच. वा!

हे सगळं स्क्रीनशॉटसकट लिहून पाठवलं. दोन आठवड्यांनी अपडेट आला, नोट्समध्ये लिहिलं होतं की आता युनिकोड सपोर्ट (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत). मी लगेच 'मान' टाकलं. मान आली! काकूंचा लेख पहिल्या पानावर! आणि त्याच्या खाली विमान, सामान, किमान, अनुमान, सन्मान.

पण तापमान नाही. कमान नाही, अपमान नाही, वर्तमानही नाही.

हे बघून खरं सांगतो, डोकं गरगरलं. विमान येतं आणि तापमान येत नाही ह्यात कसलं लॉजिक असेल? कागद घेतला, डावीकडे येणारे शब्द, उजवीकडे न येणारे, आणि बघत बसलो. मग पेटला दिवा. 'मान'च्या आधी काय आहे ते बघा. विमान, 'व'ला वेलांटी. सामान, 'स'ला काना. किमान, वेलांटी. अनुमान, 'न'ला उकार. सन्मान, पाय मोडलेला न. आणि उजवीकडे तापमान, अपमान, साधा 'प'. कमान, साधा 'क'. वर्तमान, साधा 'त'. म्हणजे आधी उघडं अक्षर असेल तर त्याला कळतंय की शब्द अजून चालू आहे, पण मात्रा किंवा हलन्त असेल तर त्याला वाटतंय शब्द संपला, इथून नवा सुरू.

युनिकोडच्या वर्गवारीत 'क', 'प', 'म' हे लेटर ह्या वर्गात येतात, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त हे मार्क ह्या वेगळ्या वर्गात. त्यांच्या डेव्हलपरने नव्या व्याख्येत लेटर घेतले, अंक घेतले आणि मार्क विसरला. मुद्दाम कुणी करत नाही हे. पायथॉन ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूललाही हाच आजार आहे, त्याला 'मराठी'तले शब्द काढ म्हटलं तर तो 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातात देतो (वाचून आधी वाटलं शिवी दिली). एसक्यूलाइट ह्या डेटाबेसमधल्या एफटीएस ५ ह्या सर्चचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) घ्या, त्यातही मूळ सेटिंगला लेटर आणि अंकच शब्दात मोडतात, मार्कचे वर्ग आपल्या हाताने यादीत टाकावे लागतात. थोडक्यात, ज्यांच्या भाषेत मात्रा नसतात त्यांनी शब्दाची व्याख्या केली आणि आपण त्यात आपलं घोडं दामटतोय.

ह्याच काळात हायलाइटचा पण तमाशा झाला. सापडलेला शब्द ठळक करून दाखवायची सोय आहे, पण ते ठळक करताना शब्द मधेच कापत होतं, त्यामुळे 'सन्मान'चं 'सन्' आणि 'मान' असं दोन तुकड्यांत दिसायचं, पायमोड्या न उघडा पडलेला. आणि 'मानेचे'मध्ये 'मान' ठळक आणि पुढची मात्रा बिचारी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. एक वाचक म्हणाला की तुमची साइट हॅक झालीये का.

पुन्हा मेल, ह्या वेळी नियमच लिहून दिला, की शब्दाच्या आधी आणि नंतर लेटर, मार्क किंवा अंक ह्यापैकी काहीही नको, आणि बॅकस्लॅश बी काढूनच टाका. पुढच्या अपडेटमध्ये ते आलं. 'मान' टाकलं की फक्त 'मान'. चोख. मी सपोर्टवाल्या मुलाला थँक्यूचा लांबलचक मेल लिहिला आणि काकूंनाही कळवलं.

काकूंचं उत्तर दोन दिवसांनी, "मान मिळाली, आता पाठ गेली."

आणि इथं मला जो धडा मिळाला तो प्लगइनचा नाही, माझाच. कारण 'पाठ' हा पूर्ण शब्द आपल्या पाठदुखीच्या लेखात कितीदा येतो? जवळजवळ नाहीच! लेखात सगळीकडे पाठीचा, पाठीला, पाठीवर, पाठीत, पाठदुखी. मराठीत शब्द एकटा फिरतच नाही हो, त्याच्या मागे चा-ची-चे, ला, त, ने, वर, खाली, साठी, मुळे असं कुणी ना कुणी चिकटलेलं असतं, आणि चिकटताना शब्द स्वतःही वाकतो. इंग्रजीत 'ऑन द बॅक' मध्ये बॅक सुटा राहतो म्हणून तिथं होल वर्ड बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडे 'पाठीवर' हा एक अख्खा शब्द. बटण बरोबर काम करत होतं, मागणीच चुकीची होती. मी दीड महिना भांडून जे मिळवलं त्याने माझेच लेख झाकले गेले.

मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, तीन टॅब आत, एक पर्याय सापडला, 'शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवा'. म्हणजे डावीकडची हद्द कडक, उजवीकडची मोकळी. हा खरं तर पहिल्या पानावर पाहिजे. 'मान' टाकलं की मान, मानेचे, मानेला सगळे येतात, विमान आणि अपमान येत नाहीत. मानसिक आणि मानधन येतात, मान्य आहे, पण पूर्ण शब्दाला जास्त वजन द्यायची सोय आहे, ते दिल्यावर ही मंडळी खाली जाऊन बसली, कुणाला त्रास नाही. 'पाठ'ला 'पाठवा' आणि 'पाठपुरावा' येतात, तेही तळाशी.

पण 'गुडघा'? गुडघ्याला, गुडघ्यात, गुडघे. 'गुडघा' अशी सुरुवातच कुठे नाही, काना गळून पडतो. 'पाऊस' टाकलं तर 'पावसात' नाही सापडणार, 'माणूस'ला 'माणसं' नाही, 'फूल'ला 'फुलं' नाही, कारण दीर्घ उकार ऱ्हस्व होतो नाहीतर उडूनच जातो. शाळेत सामान्यरूप शिकवताना बाई जे फळ्यावर लिहायच्या ते इतक्या वर्षांनी सर्च बॉक्समध्ये येऊन चावलं.

ह्यावर प्लगइनमधलं जे कामाला आलं ते म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. ती असते 'मोबाइल म्हणजे फोन' असल्या गोष्टींसाठी, पण मी त्यात सामान्यरूपं भरली. गुडघा बरोबर गुडघ्या आणि गुडघे. पाऊस बरोबर पावसा. मान बरोबर माने. शेवटी तारा (*) लावता येतो त्यामुळे पुढचे प्रत्यय आपोआप येतात, प्रत्येक विभक्ती लिहायला लागत नाही. सगळ्या मराठी शब्दकोशाची यादी करायच्या भानगडीत पडू नका, शून्य रिझल्टचा लॉग उघडायचा, लोक खरंच जे शब्द टाकतात तेवढ्यांचंच करायचं. माझं दोन शनिवार-रविवारमध्ये झालं, दीडशेच्या आसपास शब्द, आणि शून्य रिझल्टच्या लॉगमध्ये आता बहुतेक टायपोच दिसतात.

त्या लॉगमध्येच आणखी एक भूत सापडलं. कुणीतरी 'ॲप' शोधलं होतं आणि शून्य. अरे, ॲपवर तर आपले ढीगभर लेख आहेत! बघतो तर काय, 'ॲ' लिहायच्या दोन पद्धती. एक स्वतंत्र अक्षर, यू प्लस ०९७२, जे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, आणि दुसरी जुनी, आधी 'अ' मग वर चंद्र, दोन वेगळी चिन्हं. पडद्यावर डिट्टो सारखं, कॉम्प्युटरला दोन परके शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) त्यांना एक करत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्‍या'चं तेच, एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कोण कुठल्या कीबोर्डवरून टाइप करतो त्यावर अवलंबून. पूर्ण शब्दाची अट लावा नाहीतर काढा, हे दोन्हीतही सापडणार नाही, इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच रूपात बदलून घ्यावं लागतं. प्लगइनमध्ये त्याची सोय नाही, पण मजकूर इंडेक्सला जाण्याआधी आपला छोटा कोड घुसवायला जागा ठेवलीये, पाच-सहा ओळीत काम झालं.

कमीत कमी अक्षरांची मर्यादाही बघून घ्या. इथं ती तीन होती, आणि मायएसक्यूएल ह्या डेटाबेसच्या इनोडीबी फुलटेक्स्ट सर्चलाही मूळ सेटिंग तीनच असतं. 'घर', 'मन', 'वन', 'रस' हे सगळे दोन अक्षरांचे ('मान'मधला काना वेगळा मोजला जातो, म्हणून ती तीनची), म्हणजे इंडेक्समध्ये गेलेलेच नाहीत. दोनवर आणा आणि परत इंडेक्स करा, नाहीतर तुम्ही बटणाला शिव्या घालत बसाल आणि दोष असेल दुसरीकडेच.

जे स्वतः कोड लिहितात त्यांच्यासाठी पटकन: पोस्टग्रेसमध्ये शब्दाची हद्द म्हणजे बॅकस्लॅश वाय, तिथं बॅकस्लॅश बी म्हणजे बॅकस्पेस, त्यामुळे इंटरनेटवरून डोळे मिटून कॉपी करू नका. मायएसक्यूएलमध्ये ८.०.४ पासून रेग्युलर एक्स्प्रेशनचं इंजिन बदललं, आधीची कंस आणि कोलनवाली हद्दीची खूण आता चालत नाही, तिथं बॅकस्लॅश बी, आणि स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश दोनदा. ब्राउझरमध्येच शब्द तोडायचे असतील तर इंटल सेगमेंटर आहे, फायरफॉक्समध्ये तो १२५ व्या आवृत्तीत आला म्हणजे आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत मिळतो, आणि मात्रा नीट सांभाळतो. इलास्टिकसर्चचा स्टँडर्ड टोकनायझर युनिकोडच्या शब्द तोडण्याच्या नियमांवर चालतो, त्यामुळे विमान-सामानचा घोळ तिथं होत नाही, पण गुडघा-गुडघ्या तिथंही तुम्हालाच जुळवायचंय.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. 'फक्त पूर्ण शब्द' ह्या बटणासाठी घेत असाल तर दोनच, पण लॉग, यादी, सुरुवातीपासून जुळवा आणि वजन ह्या चार गोष्टींसाठी चार देईन. एक अख्खा स्टार त्या सपोर्टवाल्या मुलाचा आहे, कॅशे क्लिअर करायला लावला तरी.

कुठलंही सर्च घेण्याआधी ट्रायलमध्ये एक पान बनवा आणि त्यात हे वाक्य टाका: 'विमानातून उतरताना मान अवघडली, सामान तिथेच राहिलं, तापमानही वाढलं होतं.' मग पूर्ण शब्दाचं बटण चालू करून 'मान' शोधा आणि किती ठिकाणी हायलाइट होतंय ते मोजा. चार आले तर बटण नावालाच आहे, आत लाइक चाललाय. एकही नाही आला तर त्यांनी फक्त इंग्रजीत तपासलंय. तीन आले आणि तापमान सुटलं तर मात्रा विसरलेत, माझा मेल कॉपी करून पाठवा. एकच आला तर घ्या, आणि त्याच दिवशी 'गुडघा'पासून यादी भरायला बसा.